अण्णांचा सॅक्सोफोन माझ्या गळ्यात

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो मायच्या भाकरीच्या थापट्यानं आणि अण्णांच्या तोंडातल्या बारीक चोखण्याच्या आवाजानं. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंबळीच्या बँडात ते सॅक्सोफोन वाजवायचे. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते, ती ओली असली तरच सूर धरते. म्हणून लग्नाच्या दिवशी अण्णा उठल्या उठल्या पत्ती जिभेखाली ठेवायचे आणि दोन तास काढायचे नाहीत. चहा प्यायचे तोही पत्ती गालात सारून. त्या वेळात त्यांना काही विचारलं तर ते भुवयांनी बोलत. डावी भुवई वर म्हणजे हो, दोन्ही वर म्हणजे शाळेला जा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील सकाळी असे मुके असतात आणि दुपारी वाजतात.

घर दोन खोल्यांचं, गावाच्या खालच्या अंगाला. पुढच्या खोलीत ढोल, झांजा, फुंकायचं कारनेट आणि खुंटीला अडकवलेले बँडचे लाल कोट. मागच्या खोलीत चूल, माय आणि आम्ही. माय उमरग्याच्या पलीकडची, अगदी कर्नाटकाच्या कडेची. रागावली की कानडीत जायची आणि खुशीत असली तरी कानडीतच गायची. भाकरी थापताना ती एक गाणं म्हणायची. तळ्याकाठी बसलेली एक लेक माहेरच्या वाटेकडं बघतेय, असं काहीतरी त्यात होतं. शब्द मला अर्धेमुर्धेच कळायचे, पण त्यातला एक सूर ती इतका लांबवायची की भाकरी तव्यावर फुगून खाली बसली तरी तो सूर चालूच. हे ती मुद्दाम करत नव्हती. भाकरीकडं लक्ष असायचं तिचं, गळा आपला आपण चालायचा. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं आणि शेंगाची चटणी खाऊन बँडातली माणसं लग्नाला निघत. माडग्यानं छातीला बळ येतं असं ती म्हणायची. मी आजही वाजवायच्या दिवशी सकाळी दुसरं काही खात नाही. पुण्यात हुलगे मिळतात, पण माझ्याच्यानं ते मायसारखे भाजून होत नाहीत.

मला लोक विचारतात, जाझ कुठं शिकलात. मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडात मी पुष्कळ वर्षं वाजवलं, परदेशातही जाऊन आले, त्यामुळं त्यांना एखाद्या मोठ्या शाळेचं नाव ऐकायचं असतं. मी सांगते, निम्मं बेंबळीत आणि निम्मं उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यामागच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. त्यांना ती थट्टा वाटते. उस्मानाबादला आता पुन्हा धाराशिव म्हणतात. माय तेव्हाही धाराशिवच म्हणायची.

मी सातवीतून आठवीत गेले त्या उन्हाळ्यात तो अपघात झाला. एका लग्नात परण्या निघाला होता, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला चालला होता आणि अण्णा घोड्याच्या पुढं वाजवत होते. कुणीतरी फटाक्यांची माळ घोड्याच्या पायाशीच टाकली. घोडं बुजलं, त्यानं मान फेकली आणि ती नेमकी सॅक्सोफोनला बसली. वाजवताना त्याचं तोंड दातांत धरलेलं असतं. अण्णांचे वरचे पुढचे दात गेले आणि ओठ फाटला. नाना, म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, आमच्या बँडाचा हलगीवाला, त्यानं त्यांना टेंपोत घालून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. मागून मी आणि माय एसटीनं गेलो. सॅक्सोफोन माझ्या मांडीवर होता, कारण घरी ठेवला तर कोण सांभाळणार, असं मायला वाटलं.

अण्णांच्या ओठाला टाके पडले. बोलता येत नव्हतं, ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. टाके बघायला आलेल्या नर्सबाईंचं लक्ष माझ्या मांडीकडं गेलं. त्यांचं नाव रोझी, पण सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "हा ऑल्टो सॅक्सोफोन आहे ना? तुमच्यात कोण वाजवतं?"

मायनं अण्णांकडं बोट केलं. सिस्टरांनी टाके तपासले. जाताना मला म्हणाल्या, "माझे वडील पण वाजवायचे. मुंबईला, मोठ्या हॉटेलात. आता छाती गेली त्यांची. ह्या कोरड्या हवेसाठी मी त्यांना इथं आणलंय. कधी ये तू. त्यांना हे वाद्य नुसतं बघूनसुद्धा बरं वाटेल."

घरी आल्यावर अण्णा सॅक्सोफोनकडं बघेनासे झाले. माय एका दुपारी मला म्हणाली, "त्याचं रगत तरी पूस. वास मारतंय." मी पुसलं, पत्ती बदलली, आणि पुसता पुसता तोंडाला लावलं. पहिला आवाज आला तो शेळी ओरडल्यासारखा. माय चुलीपासून म्हणाली, "वाजव की. कोन काय खातंय का तुला." मी अण्णांना रोज बघत मोठी झाले होते. कोणतं बोट कुठं जातं ते मला ठाऊक होतं, फक्त बोटांना ठाऊक नव्हतं. चारसहा दिवस असेच गेले. मग एकदा बाजेवर पडल्या पडल्या, फाटक्या ओठातून कसेबसे शब्द बाहेर काढत म्हणाले, "गाल फुगवू नको. पोटातनं काढ." तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी ते उठून माझ्यासमोर बसले.

अण्णांची शिकवण सोपी आणि कंटाळवाणी होती. एकच सूर. आमच्या घरामागून एसटीचा रस्ता जातो. वळणावर गाडी दिसली की सूर धरायचा आणि थांब्यावर गाडी उभी राहीपर्यंत सोडायचा नाही. ड्रायव्हर हळू चालवणारा निघाला तर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेजारच्या मावशी मायकडं तक्रार घेऊन आल्या, की पोरीच्या ह्या भोंग्यानं म्हशी दूध चोरायला लागल्यात. मायनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "म्हशीला सांगा, सवय करून घे. हे आता रोजचंच हाय." पुढं त्याच मावशी धार काढायला बसल्या की आवाज द्यायच्या, "वाजीव गं."

सिस्टरांच्या वडिलांकडं, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये, मी दर रविवारी जायला लागले. आग्नेल त्यांचं नाव, मूळचे गोव्याचे. सिस्टरांनी सांगितलं, अंकल म्हण, म्हणून मी त्यांना अंकल म्हणायची आणि ते मला बाय म्हणायचे, गोव्याकडं पोरीला म्हणतात तसं. उंच, हाडकुळा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर टॉवेल. डॉक्टरांनी त्यांना फुंकायला बंदी केली होती, म्हणून ते तोंडानं गाऊन शिकवायचे. पहिल्या दिवशी ते डोळे मिटून "दाबा दू दा, दू दाबा" करायला लागले तेव्हा मला वाटलं, यांना झटका आला. मी सिस्टरांना हाक मारणार तेवढ्यात ते थांबले आणि म्हणाले, "एवढंच अर्धं आहे. पुढचं तू कर."

मी म्हणाले, "मला ही चाल येत नाही."

"मला पण येत नाही. आत्ताच झाली ती."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं चाल म्हणजे चाल. ती कुणीतरी केलेली असते, रेडिओवर येते, आणि आपण ती जशीच्या तशी वाजवायची. अंकल अर्धं गायचे आणि उरलेलं माझ्याकडून मागायचे, आणि मी एकदा दिलेलं उत्तर परत दिलं की टॉवेल हलवायचे, म्हणजे नको, दुसरं. रस्त्यावरून बांगड्यावाला ओरडत गेला की म्हणायचे, त्याला उत्तर दे. त्यांच्याकडं ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. त्यांतल्या एकीवर कुणा काळ्या अमेरिकन माणसाचा सॅक्सोफोन होता. तो वाजवताना मधेच गप्प बसायचा. मी विचारलं, इथं तबकडी खराब झालीय का. अंकल हसले, इतके की त्यांना खोकला लागला. "तो ऐकतोय गं," ते म्हणाले, "बाकीचे काय करतात ते. घाई नाही त्याला." मी ती तबकडी मागून मागून ऐकली. त्या माणसाचं लांबवणं मायच्या भाकरीवरच्या गाण्यासारखं होतं. हे मी अंकलना सांगितलं तेव्हा त्यांनी मायचं गाणं मला वाजवायला लावलं आणि स्वतः टाचेनं ताल धरला.

अण्णांना हे पसंत नव्हतं. एका रविवारी ते माझ्यासोबत आले, तोंडावर उपरणं धरून बसले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "साहेब, तुमी मोठे वाजवणारे. पर पोरगी चाल मोडायला लागलीय. लग्नात लोकांना वळखीचं लागतं."

"ओळखीचंच वाजवते ना ती," अंकल म्हणाले. "बघा, नीट ऐका. घर तेच आहे, ती फक्त मागच्या दारानं आत गेली."

"मागच्या दारानं आमच्यात चोर जातो."

"आणि घरची बाई," अंकल म्हणाले.

अण्णा हसले. दात गेल्यापासून ते माणसांत हसत नसत. मग त्यांनी अंकलना वेताची पत्ती कशी घासतात ते विचारलं आणि दोघं दुपारभर त्याच विषयात बुडाले. एकाचे दात गेलेले, एकाची छाती. सिस्टर आणि मी आत बसून पेरू खात होतो. त्या दिवसानंतर अण्णा चाल मोडू नको असं म्हणाले नाहीत, घरी फक्त एवढंच म्हणत, "मोडली तर जोडता यायला पायजे."

मी नववीत होते तेव्हा अणदूरचं लग्न आलं. नवरीचं घर तिथलं, जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या तीन पिढ्यांची लग्नं आमच्याच बँडानं वाजवलेली. अण्णा पडल्यापासून बँड कारनेटवर कसाबसा चालला होता आणि आता कारनेटवाला सुरतेला कामाला निघून गेला होता. सूर वाजवणारं माणूस एकच उरलं होतं. अण्णांनी मायला विचारलं, "न्यावं का हिला?" माय म्हणाली, "मला काय इचारता. तिला कोट आखूड करून ठिवलाय म्या."

अणदूरला नवरीच्या चुलत्यांनी आम्हाला दारातच अडवलं. सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांनी माझ्या गळ्यातल्या सॅक्सोफोनच्या पट्ट्याकडं पाहिलं, वेणीकडं पाहिलं. "मास्तर, पोरगी परण्यात वाजवणार? पाव्हणे काय म्हणतील?"

अण्णा तोंडावरचं उपरणं काढून बोलले. एरवी ते असं कधीच करत नसत. "मालक, माझ्याकडं वाजवणारं माणूस ही एकच हाय. तुमाला नको असंल तर आमी आल्या पावली जातो. तिला बाजूला करून मातर वाजणार न्हाय." माझे वडील मालकांसमोर असं बोलतील हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. मालकांनी घड्याळ पाहिलं. वेळ टळत चालली होती, दुसरा बँड आणायला सवड नव्हती. "बघा बाबा," ते म्हणाले आणि आत गेले.

नवरदेवाकडच्यांनी मोठा बँड आणला होता, गाडीवर कर्णे लावलेला, पांढऱ्या बुटांचा. दोन्हींची गाठ खंडोबाच्या देवळापुढच्या चौकात पडली. तेव्हा रिवाज होता की दोन बँड समोरासमोर आले की वाजवून बघायचं, कोण गप्प होतो ते. त्यांचा म्होरक्या ट्रंपेटवाला, चांगला धिप्पाड माणूस. त्यांनी उडत्या चालीचं गाणं सुरू केलं आणि आमचा आवाज त्यात ऐकू येईनासा झाला. मी जोर लावला, गळ्याच्या शिरा ताठल्या, काही उपयोग झाला नाही. लोक त्यांच्याकडं सरकायला लागले. पोरं मला बघून हसत होती. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू आलं की ओठ सैल पडतो, मग संपलंच.

मी वाजवायचं थांबवलं. घाबरून नाही, थांबल्यावर पहिल्यांदा मला ते लोक नीट ऐकू आले. ट्रंपेटवाला प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक गिरकी घ्यायचा आणि मग श्वासाला थांबायचा. त्याच्या त्या श्वासात मी त्याचीच गिरकी उचलली, शेवटाकडून उलटी केली आणि त्याच्या हातात परत दिली. माणसं वळून बघायला लागली. त्यानं भुवया उंचावून आणखी अवघड गिरकी टाकली. मी तिची फक्त शेपटी घेतली, हळू आवाजात. आता कुणीतरी हसलं, पण मला नाही, त्या गमतीला. नानानं ते ओळखलं. त्यानं बाकीच्यांना हातानं थांबवलं, हलगी छातीशी घेतली आणि ठेका अर्ध्यावर आणला, झुलता, जरा मागं रेललेला. असा ठेका त्याला कुणी शिकवला नव्हता. त्या ठेक्यावर मी मायचं कानडी गाणं धरलं, तो लांबचा सूर धरला आणि एसटी थांब्यावर येईपर्यंत धरते तसा धरून ठेवला.

अणदूरकडं कानडी बोलणारी घरं पुष्कळ. ओट्यांवर उभ्या असलेल्या लिंगायतांच्या म्हाताऱ्या बाया त्या सुरावर एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग त्यांतली एक गुणगुणली. मग दुसरी. मी गाणं तिथंच सोडून दुसरीकडं निघाले, अंकलच्या व्हरांड्यात निघायची तशी, आणि फिरून परत त्यांच्या ओळीवर आले तेव्हा त्या सगळ्याजणी तिथं माझी वाट बघत होत्या. समोरच्या ट्रंपेटवाल्यानं वाद्य खाली घेतलं होतं. तो ऐकत होता. मग त्यानं ते पुन्हा तोंडाला लावलं आणि माझ्या खालून, अगदी मऊ, एकच सूर भरला, मला टेकायला. चौकात त्या वेळी दोन बँड राहिले नव्हते. नवरदेव घोड्यावर ताटकळला होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

गाणं संपल्यावर ट्रंपेटवाला चौक ओलांडून आला. तो माझ्याशी बोलला नाही, अण्णांकडं गेला. "मास्तर, कुणाचा हात हाय हिच्यावर?"

अण्णा म्हणाले, "माजा. आन हिच्या मायचा. आन एका गोव्याच्या साहेबाचा." मग म्हणाले, "लेक हाय माजी." एक म्हातारी ओट्यावरून उतरली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावून गेली. तो हळदीचा रंग माझ्या कोटाच्या कॉलरला लागला आणि धुऊनही गेला नाही. मग माय तो घालवायच्या नादीच लागली नाही.

येताना टेंपोत अण्णा माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "मधी एक सूर चढा लागला तुजा." मी मान खाली घातली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तितं तसाच पायजे हुता."

रविवारी मी अंकलना सगळं सांगितलं. त्यांनी मला ट्रंपेटची प्रत्येक गिरकी गायला लावली, माझी उत्तरं वाजवायला लावली आणि नानाचा ठेका टाचेनं तपासून बघितला. मग ते टॉवेल तोंडाला लावून बसून राहिले. सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं खोकला. "काही नाही गं," ते म्हणाले. "बाय, तू चौकात केलंस ना, त्याला आम्ही जाझ म्हणतो." तोवर दीड वर्षं मी ते शिकत होते आणि त्याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं मी पुढं एकदा विचारलं. नाव सांगितलं असतं तर तू ते वाजवायला बघितलं असतंस, एवढंच ते म्हणाले. माझ्याकडं शिकायला येणारी मुलं आता मोबाइलवर आधी नाव शोधतात, मग वाजवतात. वाईट वाजवतात असं नाही. पण मला अंकलची रीत जास्त पटते, आणि जमेल तितकी मी तीच चालवते.

अणदूरची बातमी कशी पसरली देव जाणे. संक्रांत झाल्यावर भूम तालुक्यातल्या ईट गावची माणसं जीप करून बेंबळीला आली. इतक्या लांबून आमच्याकडं कधी कुणी आलं नव्हतं. अण्णांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मी मागच्या खोलीत पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं. त्यांतला वयस्कर माणूस म्हणाला, "मास्तर, ती पोरगी वाजवणार असंल तरच ठरवू."

अण्णा म्हणाले, "मग तिलाच इचारा. तिनं व्हय म्हटलं तर व्हय."

मी पिठाच्या हातानं दारात आले. बँडाच्या सुपाऱ्या अण्णा ठरवत, नाहीतर नाना. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मग जे आतापर्यंतच्या प्रत्येक लग्नात मला खटकलं होतं तेच तोंडातून गेलं. आमच्या लोकांना सगळे उठल्यावर, मांडवाच्या मागं, गोठ्याच्या कडेला बसवून वाढायचे. उरलेलं, गार झालेलं. अण्णा तिथं बसायचे ते कोट काढून, घडी घालून, आणि मुकाट्यानं जेवायचे. मी म्हणाले, "येते मी वाजवायला. पर आमचा बँड पंगतीत जेवंल. पाव्हण्यांच्या संगं, मांडवात."

नानानं खाली मान घातली. मला वाटलं, अण्णा आता काहीतरी सांभाळून घेतील. ते त्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसले. तो म्हातारा उठला, दारापर्यंत गेला, जीपमधल्या लोकांशी काहीतरी बोलला आणि परत आला. "ठीक हाय," तो म्हणाला. "पोरी, म्या सवता वाढीन तुमाला."

आणि त्यानं वाढलं. ईटच्या मांडवात, पहिल्या पंगतीत, लाल कोटांची आमची रांग बसली होती. शेजारच्या पाव्हण्यांनी पत्रावळी जराशा सरकवून घेतल्या, एकदोघं उठूनही गेले, पण बाकीचे बसून राहिले. अण्णांना तोवर कवळी बसवली होती. ते कोट घालूनच बसले होते, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. म्हातारा येसर आमटीची बादली घेऊन त्यांच्यापुढं आला तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही. ताठ बसून ते म्हणाले, "वाढा अजून," आणि सगळी पंगत उठेपर्यंत सावकाश जेवत राहिले.